लिनक्स कर्नलच्या आतून हार्डवेअर काउंटर कसे वाचायचे

नेटवर्क ड्रायव्हरमध्ये लॉक घेतल्यापासून सोडेपर्यंतचा कोड बऱ्याचदा काही शे सायकलचाच असतो. तोच कोड मधूनच कित्येक पट वेळ खातो, आणि का खातो ते बाहेरून दिसत नाही. यूजरस्पेसमधून 'पर्फ' चालवलं तर ते ठरावीक अंतराने नमुने घेतं, आणि कोणतं फंक्शन जड आहे हे त्यातून छान कळतं. पण 'या एका पॅकेटच्या वेळी, याच चाळीस ओळींत किती कॅश मिस झाले' (हवा तो डेटा कॅशमध्ये, म्हणजे जवळच्या वेगवान मेमरीत, किती वेळा सापडला नाही) हे नमुन्यांतून कळत नाही. त्यासाठी त्या ओळींच्या आधी एकदा आणि नंतर एकदा काउंटर (प्रोसेसरमधलं अशा घटना मोजणारं रजिस्टर) वाचावा लागतो, आणि तो कर्नलच्या आतूनच वाचावा लागतो.

काउंटर वाचायला एक इन्स्ट्रक्शन पुरते. अवघड आहे ते हाती आलेला आकडा कोणाचा हे सांगणं. तो तुमच्या कोडचा असेल, मध्येच आलेल्या इंटरप्टचा असेल, शेजारच्या हायपरथ्रेडचा असेल, किंवा तुमच्या नकळत काउंटर दुसऱ्याच इव्हेंटला (मोजायच्या घटनेला) दिला गेला असेल. पुढच्या सगळ्या पायऱ्या या मालकीच्या प्रश्नाभोवतीच आहेत.

लेखात फंक्शनांची आणि रजिस्टरांची नावं देवनागरीत लिहिली आहेत. सोर्समध्ये ती रोमन अक्षरांत शोधा. अंडरस्कोर जिथे आहेत तिथेच ठेवले आहेत.

आधी पाहा, मॉड्यूल लागतंय का

मोजायचं असेल ते एक अख्खं कर्नल फंक्शन असेल, तर मॉड्यूल लिहू नका. बीपीएफ प्रोग्राम (कर्नलने तपासून मग आतच चालवलेला छोटा प्रोग्राम) फंक्शनच्या प्रवेशावर आणि निर्गमनावर 'एफएन्ट्री' व 'एफएक्झिट' पद्धतीने बसवता येतो, आणि त्यातून 'बीपीएफ_पर्फ_इव्हेंट_रीड_व्हॅल्यू' हा हेल्पर काउंटर वाचून देतो. 'बीपीएफटूल'मधली 'प्रोग प्रोफाइल' ही आज्ञा दुसऱ्या बीपीएफ प्रोग्रामचं मोजमाप नेमकं याच पद्धतीने करते. मशीन कोसळण्याची भीती नाही, कर्नल पुन्हा बांधायची गरज नाही.

मॉड्यूल किंवा कर्नलमधला बदल लागतो तो तीन परिस्थितींत: फंक्शनच्या पोटातला छोटा भाग मोजायचा असेल, मोजण्याचा स्वतःचा खर्च अगदी कमी ठेवायचा असेल, किंवा काउंटरच्या आकड्यावरून कर्नलनेच काही निर्णय घ्यायचा असेल. कर्नलचा हार्ड लॉकअप (सीपीयू पूर्ण अडकून पडणं) ओळखणारा वॉचडॉग तिसऱ्या प्रकारातला, आणि केव्हीएम ही लिनक्समधली आभासी यंत्रं चालवणारी व्यवस्थाही पाहुण्या यंत्राला काउंटर देताना हीच अंतर्गत सोय वापरतं.

पायरी १: मशीनमध्ये काय आहे ते तपासा

इंटेलच्या प्रोसेसरवर 'सीपीयूआयडी'ला हेक्स ०ए हे पान विचारा. ईएएक्सच्या खालच्या ८ बिटांत काउंटर व्यवस्थेची आवृत्ती येते, पुढच्या ८ बिटांत सर्वसाधारण काउंटरांची संख्या आणि त्यापुढच्या ८ बिटांत त्यांची रुंदी. ईडीएक्समध्ये स्थिर काउंटरांची माहिती असते. ईबीएक्स वाचताना जपा: त्यात एखाद्या इव्हेंटच्या बिटाची किंमत १ असेल तर तो इव्हेंट उपलब्ध *नाही* असा अर्थ होतो.

सर्वसाधारण काउंटरला कोणता इव्हेंट मोजायचा ते आपण सांगतो. स्थिर काउंटरचं काम कायमचं ठरलेलं असतं: पहिला पूर्ण झालेल्या इन्स्ट्रक्शन मोजतो, दुसरा प्रोसेसरच्या प्रत्यक्ष सायकल, तिसरा संदर्भ घड्याळाच्या सायकल. स्कायलेकपर्यंतच्या बऱ्याच पिढ्यांत हायपरथ्रेडिंग चालू असताना प्रत्येक थ्रेडच्या वाट्याला ४ सर्वसाधारण काउंटर येतात. आइस लेकपासून ८ मिळतात. रुंदी बहुधा ४८ बिटांची.

ही माहिती लिनक्स बूट होतानाच 'डीमेसेज'मध्ये छापतो: काउंटरांची संख्या, रुंदी आणि 'मॅक्स पीरियड'. हा शेवटचा आकडा टिपून ठेवा, पायरी ५ मध्ये तो लागेल. याच ओळींच्या आसपास बायोसने काउंटर आधीच वापरात घेतल्याची तक्रार दिसली तर फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन ते आधी सोडवा. फर्मवेअरही काउंटरवर हक्क सांगू शकतं. २०१९ मध्ये स्कायलेक पिढीच्या काही प्रोसेसरांसाठी आलेल्या मायक्रोकोडमध्ये टीएसएक्सच्या (मेमरी व्यवहारांच्या सोयीच्या) दुरुस्तीसाठी चौथा सर्वसाधारण काउंटर, म्हणजे क्रमांक ३ चा, वापरला जातो.

आभासी यंत्रात काम करत असाल तर आवृत्ती ० आली का ते पाहा. ० म्हणजे यजमानाने काउंटर दिलेलेच नाहीत. तिथे तसंच पुढे रेटू नका. आभासी काउंटर मिळाले तरी त्यांच्यावरचे कॅशचे आकडे यजमानाच्या इतर कामांनी ढवळलेले असतात, म्हणून नाजूक मोजमाप मी प्रत्यक्ष मशीनवरच करतो.

पायरी २: एक प्रश्न, दोन-तीन इव्हेंट

सगळं एकदम मोजायचा मोह आवरा. काउंटर मोजके असतात. मागणी जास्त झाली की कर्नल इव्हेंट आळीपाळीने बसवतो आणि मिळालेल्या वेळेच्या प्रमाणात आकडा वाढवून अंदाज काढावा लागतो. काही शे सायकलच्या कोडसाठी असा अंदाज बिनकामाचा.

मी पहिल्या फेरीत फक्त सायकल आणि पूर्ण झालेल्या इन्स्ट्रक्शन घेतो. संथ वेळी इन्स्ट्रक्शनही वाढल्या असतील तर कोड वेगळ्या वाटेने जातोय, आणि उत्तर सोर्समध्येच सापडेल. इन्स्ट्रक्शन तेवढ्याच राहून सायकल वाढल्या असतील तर प्रोसेसर कशाची तरी वाट बघतोय. तेव्हा दुसऱ्या फेरीत कॅश मिस किंवा चुकलेल्या ब्रांच मोजायच्या. या दोन फेऱ्यांत बहुतेक कोड्यांची दिशा ठरते.

इंटेलच्या स्थापत्यात ठरवून दिलेले काही इव्हेंट पिढी बदलली तरी तेच राहतात. सायकलचा क्रमांक हेक्स ३सी, इन्स्ट्रक्शनचा सी०, ब्रांचचा सी४, चुकलेल्या ब्रांचचा सी५. शेवटच्या पातळीवरच्या कॅशचा मिस म्हणजे इव्हेंट २ई, मास्क (इव्हेंटचा उपप्रकार) ४१. बाकीचे शेकडो इव्हेंट पिढीगणिक बदलतात, आणि त्यांतले काही ठरावीक काउंटरवरच चालतात. कॅश मिसचा आकडा वेगवेगळ्या प्रोसेसरांमध्ये तुलनेला घेऊ नका. प्रीफेचमुळे (प्रोसेसरने अंदाजाने आधीच आणल्यामुळे) आलेल्या कॅशच्या ओळी त्यात धरायच्या की नाही हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. एकाच मशीनवर, एकाच बूटमध्ये, चांगली वेळ आणि वाईट वेळ यांची तुलना करा.

टीएससीलाही (टाइम-स्टॅम्प काउंटरलाही) सायकल समजू नका. ते ठरलेल्या वेगाने चालणारं घड्याळ आहे. प्रोसेसरचा वेग वरखाली झाला तरी ते तसंच चालतं.

पायरी ३: काउंटर रीतसर मागून घ्या

सरळ मॉडेल-स्पेसिफिक रजिस्टरमध्ये लिहिलं की काउंटर चालू होतो, आणि जुन्या लेखांत हाच मार्ग दिसतो. लिनक्समध्ये तो घेऊ नका. २००९ मध्ये २.६.३१ आवृत्तीत पर्फ इव्हेंटची व्यवस्था कर्नलमध्ये आली, आणि तेव्हापासून काउंटर वाटपाचा कारभार तिच्याकडे आहे. तिला न सांगता लिहिलेलं रजिस्टर ती पुढच्याच टास्कबदलात पुसून टाकू शकते, आणि तुमच्यामुळे दुसऱ्याचं मोजमाप निमूटपणे बिघडतं. एरर कुठेच येत नाही, नुसते चुकीचे आकडे येतात.

मागायचं फंक्शन आहे 'पर्फ_इव्हेंट_क्रिएट_कर्नल_काउंटर'. त्याला पाच गोष्टी द्यायच्या: इव्हेंटचं वर्णन करणारी 'पर्फ_इव्हेंट_एट्र' रचना, सीपीयूचा क्रमांक, टास्क, ओव्हरफ्लो हँडलर आणि त्याच्यासाठीचा पॉइंटर. परत येणारा पॉइंटर 'इज_एरर'ने तपासायचा, शून्याशी तुलना पुरत नाही. हे फंक्शन मेमरी मागतं आणि म्यूटेक्स घेतं, म्हणजे झोपू शकतं. ते मॉड्यूलच्या सुरुवातीला बोलवा, इंटरप्ट हँडलरमध्ये किंवा स्पिनलॉक धरून कधीच नाही.

रचनेत भरायचं ते असं:

- 'टाइप' आणि 'कॉन्फिग': सर्वसाधारण इव्हेंटसाठी 'पर्फ_टाइप_हार्डवेअर' आणि हवा तो स्थिरांक. नेमका क्रमांक द्यायचा तर 'पर्फ_टाइप_रॉ', आणि कॉन्फिगमध्ये मास्क ८ बिट डावीकडे सरकवून इव्हेंटशी जोडलेला. वरचा कॅश मिस म्हणजे हेक्स ४१२ई.
- 'साइज': रचनेचा आकार.
- 'पिन्ड' = १. काउंटर मिळाला तर सतत आपलाच, नाहीतर अजिबात नाही. आळीपाळी नको असेल तर हे लागतंच.
- 'एक्सक्लूड_यूजर' = १ आणि 'एक्सक्लूड_एचव्ही' = १. केव्हीएमचा यजमान असेल तर 'एक्सक्लूड_गेस्ट'ही.
- 'डिसेबल्ड' = १. सगळी तयारी झाल्यावर 'पर्फ_इव्हेंट_एनेबल'ने चालू करायचा.

या मार्गाने आलेल्या मागणीला 'पर्फ_इव्हेंट_पॅरानॉइड'चं बंधन लागत नाही. ती तपासणी यूजरस्पेसच्या सिस्टिम कॉलमध्ये होते. म्हणून तुमचा मॉड्यूल आकडे यूजरस्पेसला दाखवणार असेल, तर कोणाला दाखवायचे याची जबाबदारी पूर्णपणे तुमची. कॅशचे तपशीलवार आकडे साइड-चॅनेल हल्ल्याला उपयोगी पडतात. फाइल फक्त रूटला वाचता येईल अशी ठेवा.

पिन्ड इव्हेंटला जागा मिळाली नाही तर तो 'एरर' अवस्थेत जातो, पण क्रिएट फंक्शन तुम्हाला यशस्वीच भासतं. वाटप प्रत्यक्ष चालू करताना होतं, मागताना नाही. म्हणून चालू केल्यावर एकदा वाचून पाहा.

जागा न मिळण्याचं नेहमीचं कारण आहे एनएमआय वॉचडॉग (एनएमआय म्हणजे इंटरप्ट बंद असतानाही येणारा इंटरप्ट). तो प्रत्येक सीपीयूवर सायकल मोजणारा एक पिन्ड काउंटर धरून बसतो. त्याची मर्यादा मूळ सेटिंगमध्ये १० सेकंद असते, म्हणजे तेवढ्या वेळात जितक्या सायकल होतील तितक्यांनंतर तो काउंटर ओव्हरफ्लो होऊन एनएमआय देतो. प्रयोगाच्या मशीनवर '/प्रॉक/सिस/कर्नल/एनएमआय_वॉचडॉग'मध्ये ० लिहून तो बंद करा आणि काम झाल्यावर पुन्हा चालू करा. उत्पादनातल्या सर्व्हरवर मात्र तो बंद करू नका, एक इव्हेंट कमी मोजा.

पायरी ४: सीपीयूचा काउंटर की टास्कचा

टास्क शून्य आणि सीपीयू क्रमांक दिला तर त्या सीपीयूवर जे काही चालेल ते सगळं मोजलं जातं. टास्क दिला आणि सीपीयू −१ ठेवला तर काउंटर त्या टास्कबरोबर फिरतो, आणि टास्क बाजूला झाला की थांबतो.

मोजायचा कोड छोटा असेल आणि मध्ये झोपत नसेल तर सीपीयूचा काउंटर घ्या. तो झोपणारा असेल, म्हणजे म्यूटेक्सची किंवा डिस्कची वाट पाहत असेल, तर टास्कचा घ्या. टास्कच्या काउंटरबद्दल एक गैरसमज नेहमी दिसतो. टास्क चालू असताना आलेला इंटरप्ट त्याच टास्कच्या संदर्भात चालतो, म्हणून त्या हँडलरचं काम टास्कच्याच खात्यात जमा होतं. 'टास्कचा आकडा' म्हणजे 'टास्कच्या कोडचा आकडा' असं धरू नका.

सीपीयूवरचे काउंटर प्रत्येक सीपीयूसाठी वेगवेगळे मागावे लागतात. सरळ लूप फिरवण्यापेक्षा 'सीपीयूएचपी_सेटअप_स्टेट'मध्ये ऑनलाइन आणि ऑफलाइन होतानाची फंक्शनं नोंदवा. आधीच ऑनलाइन असलेल्या सीपीयूंसाठी ती लगेच चालतात, पुढे येणाऱ्या-जाणाऱ्यांचीही सोय होते. ऑफलाइन सीपीयूवर काउंटर मागितला तर 'ई-नोडेव्ह' हाती येतो.

या अंतर्गत फंक्शनला गट करता येत नाही. यूजरस्पेसमध्ये लीडर देऊन इव्हेंट एकत्र बसवता येतात, इथे प्रत्येक इव्हेंट सुटा. तिघांना एकाच वेळी चालवायचं तर तिघंही पिन्ड हवेत, आणि तिघंही प्रत्यक्ष बसले आहेत हे तपासायला हवं.

पायरी ५: वाचन

वाचायचे तीन मार्ग आहेत, आणि चुकीचा निवडला तर एकतर कर्नल ओरडतो किंवा आकडा गढूळ होतो.

'पर्फ_इव्हेंट_रीड_व्हॅल्यू' सगळ्यांत सुरक्षित. दुसऱ्या सीपीयूवरचा काउंटरही तो आणून देतो, शिवाय किती वेळ इव्हेंट मागणीत होता आणि किती वेळ खरंच काउंटरवर होता हेही सांगतो. हे दोन वेळ सारखे नसतील तर तो आकडा अंदाज आहे. पण हे फंक्शन झोपू शकतं. दर सेकंदाला बेरीज काढायला छान, लॉकच्या आत निषिद्ध.

'पर्फ_इव्हेंट_रीड_लोकल' एनएमआयमध्येही चालतं, मात्र इव्हेंट याच सीपीयूचा किंवा चालू टास्कचा हवा. दुसऱ्या सीपीयूचा दिला तर 'ई-इनव्हॅल'. पिन्ड असून काउंटरवर बसलेला नसेल तर 'ई-बिझी'. ही शेवटची एरर मोलाची आहे, कारण 'तुमच्याकडे काउंटर नाही' असं स्पष्ट सांगणारी तीच.

तिसरा मार्ग थेट 'आरडीपीएमसी' इन्स्ट्रक्शनचा. खर्च सगळ्यांत कमी, जबाबदारी सगळ्यांत जास्त. काउंटर पर्फनेच वाटून दिलेला असतो, आपण फक्त मधला थर वगळून वाचतो. कोणता क्रमांक वाचायचा ते 'इव्हेंट->एचडब्ल्यू.इव्हेंट_बेस_आरडीपीएमसी'मध्ये मिळतं. स्थिर काउंटरसाठी लागणारा बिट ३० त्यात आधीच धरलेला असतो. कर्नलमध्ये 'सीआर४'मधल्या परवानगीच्या बिटाची काळजी नको, तो यूजरस्पेससाठी आहे.

हा क्रमांक एकदा काढून जपून ठेवायचा नाही. पर्फ इव्हेंटला दुसऱ्या काउंटरवर हलवू शकतो. इंटरप्ट बंद केल्यानंतरच तो वाचायचा, आणि पुन्हा चालू होईपर्यंतच वापरायचा. मोजणीचा गाभा असा:

```
इंटरप्ट बंद करा
इव्हेंट->ऑनसीपीयू हा सीपीयू नसेल तर नोंद न करता बाहेर पडा
क्र = इव्हेंट->एचडब्ल्यू.इव्हेंट_बेस_आरडीपीएमसी
एलफेन्स, आरडीपीएमसी(क्र), एलफेन्स          // हे वाचन टाकून द्या
एलफेन्स; आधी = आरडीपीएमसी(क्र); एलफेन्स
        मोजायचा कोड
एलफेन्स; नंतर = आरडीपीएमसी(क्र); एलफेन्स
इंटरप्ट पूर्ववत करा
फरक = (नंतर − आधी) & रुंदीचा मास्क
```

आरडीपीएमसी स्वतः आधीच्या इन्स्ट्रक्शन संपायची वाट पाहत नाही. एलफेन्स नसेल तर काम बाकी असतानाच काउंटर वाचला जाऊ शकतो. पहिलं वाचन टाकायचं कारण असं की वाचण्याचा कोड आणि लागणारी व्हेरिएबल कॅशमध्ये आणण्याचा खर्च मोजणीत यायला नको. कर्नलच्या स्वतःच्या कोडमध्ये याचा उत्तम नमुना आहे. एक्स८६ च्या 'रीसकंट्रोल' उपप्रणालीत स्यूडो-लॉक केलेली मेमरी खरंच कॅशमध्ये आहे का हे तपासणारा भाग अगदी हेच करतो: पर्फकडून इव्हेंट मागतो, 'रीड_लोकल'ने तो चालू असल्याची खात्री करतो, प्रीफेच बंद करतो आणि मग आरडीपीएमसी वापरतो. 'स्यूडो_लॉक.सी' ही फाइल एकदा सावकाश वाचा.

वाचलेला कच्चा आकडा शून्यापासून सुरू होत नाही. नुसती मोजणी करतानाही पर्फ काउंटर 'मॅक्स पीरियड'च्या उणे किमतीपासून सुरू करतो, म्हणजे तो भरण्याआधीच इंटरप्ट येऊन हिशेब पुढे नेता येतो. म्हणून फक्त फरक वापरा. जुन्या प्रोसेसरांवर हा पीरियड २ चा ३१ वा घात वजा १ इतकाच असतो, आणि ३ गिगाहर्ट्झला सायकलचा काउंटर सेकंदाच्या आतच तिथे पोहोचतो. ओव्हरफ्लोचा एनएमआय नेमका तुमच्या दोन वाचनांच्या मध्ये आला तर काउंटर पुन्हा मागे नेला जातो आणि फरक प्रचंड दिसतो. इंटरप्ट बंद असले तरी एनएमआय येतोच. असा अशक्य फरक टाकून द्या, पण किती टाकले ते मोजत राहा.

पायरी ६: आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी

ही पायरी गाळू नका, मोजमापाची किंमत इथेच ठरते.

पहिली चाचणी उत्तर माहीत असलेल्या कामाची. असेंब्लीत एक घट आणि एक उडी एवढाच लूप लिहा, तो १० लाख वेळा फिरवा आणि इन्स्ट्रक्शन मोजा. २० लाखांच्या अगदी जवळ आकडा यायला हवा. प्रोसेसर या दोन इन्स्ट्रक्शन आत जोडून चालवत असला तरी मोजताना दोनच धरतो. १० लाख आला, किंवा दर वेळी वेगळा आला, तर कॉन्फिग किंवा क्रमांक चुकला आहे. ही चाचणी पास होईपर्यंत खऱ्या कोडला हात लावू नका.

दुसरी चाचणी रिकामी मोजणी: दोन वाचनांच्या मध्ये काहीच नाही. ती हजारो वेळा करून सगळ्यांत कमी आलेला आकडा हा मोजण्याचा स्वतःचा खर्च. तो खऱ्या आकड्यातून वजा करा. तुमचा कोड या खर्चाच्या दुप्पटही नसेल, तर एका फेरीऐवजी अनेक फेऱ्या एकत्र मोजण्याची सोय बघा.

तिसरं, सरासरी काढू नका. कर्नलमधल्या वेळांची शेपटी लांब असते, आणि रोग बहुधा त्या शेपटीतच असतो. प्रत्येक सीपीयूसाठी लहानसा हिस्टोग्राम ठेवा, दर खान्याची रुंदी २ च्या घातांनी वाढणारी. त्यात एक वाढीव भर घालायला काही सायकल पुरतात. सायकल आणि कॅश मिस जोडीने नोंदवलेत तर लांब शेपटीतल्या नोंदींत मिसही जास्त आहेत का हे लगेच दिसतं.

मग बाहेरचा गोंगाट. एल१ आणि एल२ कॅश दोन हायपरथ्रेडमध्ये वाटून घेतलेल्या असतात, म्हणून प्रयोगापुरता शेजारचा थ्रेड ऑफलाइन करा. 'आयसोलसीपीयूज' आणि 'नोहर्ट्झ_फुल' देऊन एक कोअर मोकळा ठेवलात तर आणखी बरं. शेवटचा संशयित एसएमआय. तो फर्मवेअरचा इंटरप्ट असतो आणि कर्नलला तो अडवता येत नाही. इंटेलवर हेक्स ३४ या रजिस्टरमध्ये आतापर्यंत किती एसएमआय आले त्याची मोजणी असते. मोजण्याआधी आणि नंतर ती वाचा, बदलली तर ती नोंद बाद. हे रजिस्टर 'सेफ' प्रकारच्या फंक्शननेच वाचा, कारण ते नसलेल्या प्रोसेसरवर साधं वाचन सामान्य संरक्षण दोष देतं.

इंटरप्ट बंद ठेवल्याने आकडा स्वच्छ होतो, पण मोजलेलं वागणं थोडं बदलतं. जो कोड रोज इंटरप्ट चालू असताना धावतो, त्याचा त्रास इंटरप्टमुळेच होत असेल तर तो तुमच्या मोजणीत दिसणारच नाही. म्हणून शेवटची एक फेरी इंटरप्ट चालू ठेवून आणि फक्त प्रीएम्प्शन बंद ठेवून करा. तेव्हा क्रमांक बदलण्याची शक्यता असते, म्हणून आरडीपीएमसीऐवजी 'रीड_लोकल'. दोन हिस्टोग्राममधला फरक हाच इंटरप्टचा हिशेब. रिअल-टाइम कर्नलवर तर साधा स्पिनलॉक झोपू शकतो, तिथे इंटरप्ट बंद करून तो घेतला तर कर्नल लगेच तक्रार करेल.

पायरी ७: ओव्हरफ्लोवर नमुने घ्यायचे असतील तर

दर इतक्या कॅश मिसनंतर 'आत्ता कोड कुठे आहे' ते टिपायचं असेल, तर 'सॅम्पल_पीरियड' द्या आणि क्रिएट करतानाच हँडलर द्या. एक्स८६ वर तो एनएमआयमध्ये चालतो. तिथे कोणताही लॉक नाही, मेमरी मागणं नाही, कोणालाही उठवणं नाही. प्रत्येक सीपीयूच्या आधीच राखून ठेवलेल्या बफरमध्ये पत्ता लिहा, आणि उरलेलं काम 'आयआरक्यू_वर्क_क्यू'वर टाका. ते एनएमआयमधून बोलवायला सुरक्षित आहे.

पीरियड १,००,००० सारखा गोल देऊ नका. लूपच्या फेऱ्यांशी तो जुळला तर दर वेळी एकाच ओळीवर नमुना पडतो. जवळची मूळ संख्या द्या, जसं १,००,००३. फार लहान पीरियड दिलात तर कर्नल स्वतः लगाम घालतो. मूळ सेटिंगमध्ये ही मर्यादा सेकंदाला १,००,००० नमुन्यांची असते, आणि हँडलर फार वेळ घेऊ लागले की ती आणखी खाली येते.

टिपलेला पत्ता दोषी इन्स्ट्रक्शनचा असेलच असं नाही. ओव्हरफ्लो होऊन इंटरप्ट पोहोचेपर्यंत प्रोसेसर पुढे गेलेला असतो. 'प्रिसाइज_आयपी' वाढवलं तर इंटेलवर पेब्स (नमुन्याची नोंद प्रोसेसरनेच करायची सोय) वापरलं जातं आणि पत्ता बराच नेमका मिळतो. एएमडीवर यासाठी आयबीएस आहे, आर्मवर एसपीई.

स्वतःचा कर्नल लिहीत असाल तर

तिथे पर्फ नाही, मालक तुम्हीच. इंटेलवर क्रम असा (रजिस्टरांचे क्रमांक सगळे हेक्समध्ये): हेक्स ३८एफ या जागतिक नियंत्रणात ० लिहून सगळं थांबवा. ३९० मध्ये लिहून जुने ओव्हरफ्लो साफ करा. सी१ मध्ये काउंटरची सुरुवातीची किंमत भरा. १८६ मध्ये इव्हेंट निवडा: खालचे ८ बिट इव्हेंट, पुढचे ८ मास्क, बिट १६ यूजर, १७ कर्नल, २० इंटरप्ट, २२ चालू. फक्त कर्नलमधले कॅश मिस मोजायला ४२४१२ई. शेवटी ३८एफचा बिट ० चढवा. स्थिर काउंटरांचे बिट तिथे ३२ पासून सुरू होतात.

सी१ मध्ये लिहिताना फक्त खालचे ३२ बिट घेतले जातात आणि चिन्हासह वर पसरवले जातात. पूर्ण रुंदीने लिहायचं तर प्रोसेसरला ती सोय असावी लागते, आणि पत्ता ४सी१ वापरायचा. ओव्हरफ्लोच्या इंटरप्टसाठी लोकल एपिकमध्ये (प्रत्येक सीपीयूच्या इंटरप्ट नियंत्रकात) हेक्स ३४० या ऑफसेटवरची नोंद एनएमआय म्हणून लावा. इंटरप्ट आला की ती नोंद आपोआप मास्क होते, आणि हँडलरने ती पुन्हा उघडली नाही तर दुसरा इंटरप्ट कधीच येत नाही. नव्या कर्नलमध्ये 'एकच नमुना येतो आणि मग शांतता' असं दिसलं की सगळ्यांत आधी हे तपासा.

एएमडीच्या फॅमिली १७एच वर निवड रजिस्टर सी००१०२०० पासून, आणि त्याच्या शेजारचं पुढचं रजिस्टर म्हणजे त्याचा काउंटर, असे ६ संच. सगळे एकदम चालू-बंद करणारं जागतिक नियंत्रण झेन ४ पासून आलं.

आर्मच्या ६४ बिट प्रोसेसरवर 'पीएमसीआर_ईएल०'च्या बिट ११ ते १५ मध्ये काउंटरांची संख्या मिळते. इव्हेंट 'पीएमईव्हीटाइपर'मध्ये, मोजणी 'पीएमईव्हीसीएनटीआर'मध्ये, सायकल वेगळ्या 'पीएमसीसीएनटीआर'मध्ये. पूर्ण झालेल्या इन्स्ट्रक्शनचा इव्हेंट हेक्स ०८. प्रत्येक बदलानंतर आयएसबी (आधीचे बदल लागू झाल्यावरच पुढे जाऊ देणारी इन्स्ट्रक्शन) द्या. तिथे ओव्हरफ्लो साधा इंटरप्ट असतो, म्हणून इंटरप्ट बंद असलेल्या भागातले नमुने सगळे तो उघडण्याच्या ओळीवर जमा होतात. नवख्याला वाटतं तीच ओळ जड आहे. जीआयसी-३ च्या प्राधान्य व्यवस्थेतून नकली एनएमआय चालू केला की हा भ्रम जातो.

रिस्क-५ मध्ये सुपरवायझर पातळीवरचा कर्नल काउंटर वाचू शकतो, पण कोणता इव्हेंट बसवायचा हे मशीन पातळीवर ठरतं. म्हणून एसबीआयच्या (कर्नल आणि फर्मवेअरमधल्या ठरलेल्या संवादाच्या) पीएमयू विस्तारामार्फत फर्मवेअरला सांगावं लागतं. ओव्हरफ्लोचा इंटरप्ट 'एसएससीओएफपीएमएफ' विस्तार असेल तरच मिळतो.

काढून घेताना

मॉड्यूल उतरवताना क्रम उलटा आणि कडक. मोजणी करणाऱ्या जागा आधी निष्क्रिय करा आणि जे सीपीयू त्यात आत्ता असतील ते बाहेर येईपर्यंत 'सिंक्रोनाइझ_आरसीयू'ने थांबा. इंटरप्ट किंवा प्रीएम्प्शन बंद असलेल्या भागांसाठी आताच्या कर्नलमध्ये ते पुरतं. मग 'सीपीयूएचपी_रिमूव्ह_स्टेट' बोलवा, म्हणजे तुमचं ऑफलाइन फंक्शन प्रत्येक सीपीयूवर चालेल आणि त्यातच 'पर्फ_इव्हेंट_डिसेबल' व 'पर्फ_इव्हेंट_रिलीज_कर्नल' होईल. नमुने घेत असाल तर रांगेत अडकलेलं शेवटचं काम 'आयआरक्यू_वर्क_सिंक'ने संपू द्या, त्यानंतरच बफर मोकळे करा. वॉचडॉग बंद केला असेल तर '/प्रॉक/सिस/कर्नल/एनएमआय_वॉचडॉग'मध्ये १ लिहा, आणि 'डीमेसेज'मध्ये तो खरंच चालू झाल्याची ओळ आली का ते पाहा. ती आली नाही, तर वॉचडॉग चालू झालेला नाही.